जकार्ता, केमायोरान : राहतोय तोच फ्लॅट विकत घ्यावा का? एजंट म्हणतो दुसऱ्याच्या नावावर घ्या

निफाडकर_जकार्तात

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय कारण पैशाचा मामला आहे आणि घरात दोन आठवडे फक्त हाच विषय चाललाय.

मी मूळचा निफाडचा, गेली साडेतीन वर्षं जकार्तात नोकरीला. किटासवर म्हणजे इथल्या तात्पुरत्या वास्तव्य परवान्यावर आहे, कंपनी दरवर्षी रिन्यू करते. केमायोरानला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, अठरावा मजला. हा भाग निवडला तो फक्त शाळेसाठी, गांधी मेमोरियल इथेच आहे, मुलं चालत जातात, आणि जकार्तात मूल चालत शाळेत जातं म्हणजे काय सुख आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. बाकी आपली माणसं पण भरपूर. लिफ्टमध्ये हिंदी, तमिळ, तेलुगू, गुजराती, कधी कधी मराठी पण ऐकू येतं. पासार बारू जवळ, तूरडाळ हिंग पोहे सगळं मिळतं.

आता झालंय असं की घरमालकाला फ्लॅट विकायचाय आणि पहिला मान तुमचा म्हणून त्याने मला विचारलं. १.३५ मिलियार मागतोय, म्हणजे १३५ कोटी रुपिया, आपले साधारण सत्तर-बहात्तर लाख. भाडं मी वर्षाला ८४ जुता देतो (१ जुता म्हणजे १० लाख रुपिया), म्हणजे आपले साडेचार लाखाच्या आसपास, तेही अख्ख्या वर्षाचं एकदम आगाऊ. नाशिकला या पैशात गंगापूर रोडला बरा फ्लॅट येईल हे मला माहितीये, पण इथे अजून चार-पाच वर्षं तरी राहणार आहोत, मग भाड्यात पैसे का घालवायचे असं बायकोचं म्हणणं आणि मलाही ते पटतंय.

अडचण अशी की एजंट म्हणाला परदेशी माणसाला या किमतीचा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, पण काळजी करू नका, तुमच्या ओळखीच्या एखाद्या इंडोनेशियन माणसाच्या नावावर घ्या, नोतारिसकडे एक करारनामा करू, कर्जाचा कागद करू, पॉवर ऑफ अॅटर्नी तुमच्याकडे, सगळे असंच करतात. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी नाव द्यायला तयार आहे, माणूस खरंच देवासारखा आहे, मुलगी आजारी होती तेव्हा रात्री दोनला गाडी घेऊन आला होता. म्हणून भीती वाटत नाहीये, पण झोपही लागत नाहीये. कुणी केलंय का असं?

वेलची_पूड

करू नका. एवढंच लिहून थांबणार होते पण कारण सांगते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दक्षिण जकार्तात असंच घेतलं होतं, नाव दिलेला माणूस चांगलाच होता, त्याच्याविरुद्ध आजही कुणी शब्द काढत नाही. तो अचानक वारला. फ्लॅट कायद्याने त्याच्या बायकोमुलांचा झाला, त्यांना कसला करार आणि कसलं काय, त्यांच्या दृष्टीने वडिलांची मालमत्ता. यांनी शेवटी निम्म्याहून कमी पैसे घेऊन मिटवलं आणि भारतात परत गेले.

विणकर_काका

निफाडकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी इचलकरंजीचा, टेक्स्टाइलवाला, १९९४ ला पुर्वाकार्ताच्या मिलमध्ये आलो आणि नंतर जकार्तात स्थायिक झालो, तेव्हा थोडं अनुभवाने बोलतो, मोठं होईल पण वाचा.

पहिली गोष्ट, एजंटने अर्धं खरं सांगितलं. इथल्या जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, त्यात हाक मिलिक म्हणजे पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, ३० वर्षं, मग २० वाढवून, मग ३० नूतनीकरण. फ्लॅटच्या बाबतीत २०२१ च्या नियमांनी सवलत दिली आणि हागेबे म्हणजे हाक गुना बांगुनान, ठरावीक मुदतीचा बांधकामाचा हक्क, असलेल्या जमिनीवरच्या इमारतीतला फ्लॅटही परदेशी माणूस स्वतःच्या नावावर घेऊ शकतो. पण किमान किंमत ठरवलेली आहे. जकार्तात फ्लॅटला ३ मिलियार, बंगल्याला ५ मिलियार. तुमचा १.३५ चा. म्हणजे सरळ मार्ग बंद. सरकारचा हेतू स्पष्ट आहे, स्वस्त घरं त्यांच्या माणसांना राहावीत, आणि मला तरी त्यात गैर वाटत नाही, आपल्याकडे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही तसंच समजा.

दुसरी गोष्ट, त्याच १९६० च्या कायद्याचं कलम २६. परदेशी माणसाला आडमार्गाने मालकी पोचवणारा कुठलाही व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे हाक मिलिकबद्दल लिहिलंय हे खरं, पण दुसऱ्याच्या नावाचा तुमचा करार घेऊन कोर्टात गेलात तर तुम्ही स्वतःच लिहून देताय की आम्ही कायद्याला बगल दिली. नोतारिसचा शिक्का असला म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. आणि तो सहकारी. अहो रात्री दोनला गाडी घेऊन येणारा माणूस परक्या देशात मिळणं ही केवढी कमाई आहे. त्याच्या डोक्यावर सत्तर लाखाचं ओझं ठेवू नका. उद्या त्याचा घटस्फोट झाला, कर्ज थकलं, बँकेने जप्ती आणली तर तुमचा फ्लॅट त्याच्या मालमत्तेत धरणार आणि तुमची मैत्री पण जाणार.

तिसरी गोष्ट केमायोरानची खास आहे आणि ती एजंट सांगत नाही. हा सगळा भाग जुना विमानतळ. १९४० ला सुरू झाला, १९८५ ला सुकार्नो-हत्ता सुरू झाल्यावर बंद. तुम्ही रोज ज्या बेन्यामिन सुएब रस्त्यावरून जाता ती धावपट्टी होती, म्हणून तो एवढा सरळ आणि रुंद. ती जमीन सरकारने विकली नाही. राज्य सचिवालयाच्या हाताखाली एक व्यवस्थापन संस्था आहे, तिच्याकडे हाक पेंगेलोलाआन म्हणजे जमिनीच्या व्यवस्थापनाचा हक्क, बोलीत हापेएल, आणि त्या हापेएलवर बिल्डरांना हागेबे. म्हणजे तुमच्या टॉवरखालची जमीन बिल्डरची नाही आणि रहिवाशांची पण नाही. हागेबेची मुदत संपत आली की वाढवायला खालच्या मालकाची म्हणजे सरकारी संस्थेची शिफारस लागते आणि त्याचे पैसे किती हे तेव्हाच कळतं. विक्रीच्या वेळीही त्यांची परवानगी लागते. म्हणून कुठलाही फ्लॅट बघताना भिंतीचा रंग नंतर बघा, आधी सेर्तिफिकात म्हणजे मालकीचा दाखला कशावर आहे, हागेबे कुठल्या साली संपतो ते बघा.

निफाडकर_जकार्तात

काका, खरंच डोळे उघडले. धावपट्टीचं माहीत नव्हतं. हापेएल शब्द आज पहिल्यांदा ऐकला, घरमालकाला विचारलं तर म्हणाला सेर्तिफिकात अजून आलेलंच नाही, त्याच्याकडे फक्त पेपेजेबे आहे, पूर्ण पैसे भरून कित्येक वर्षं झाली. हे नॉर्मल आहे का?

विणकर_काका

दुर्दैवाने खूप ठिकाणी असंच आहे. पेपेजेबे म्हणजे आपल्याकडचं अॅग्रीमेंट टू सेल. खरी विक्री होते ती पेपेआतेसमोर, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकृत अधिकारी, तिथे आजेबे म्हणजे खरेदीखत होतं, मग जमीन कार्यालयात नाव चढतं. बिल्डरने मूळ जमिनीचं फ्लॅटनिहाय विभाजन केलं नाही की लोक वर्षानुवर्षं पेपेजेबेवर बसलेले असतात, विकायचं झालं तर बिल्डरकडे जाऊन नाव बदलून घ्यायचं आणि त्याची फी भरायची. राहायला त्रास काही नाही. पण मालकीचा कागद नाहीये.

आता हिशोब करा. ८४ जुता भाडं, त्यात तुमचा मेंटेनन्स म्हणजे ई-पे-एल धरलेला आहे का? असेल तर त्याचे महिन्याला सव्वा-दीड जुता मालकाचे जातात. भाड्याच्या उत्पन्नावर १० टक्के फायनल टॅक्स. वर घरपट्टी, एसी, गिझर, गळती. मालकाच्या हातात १.३५ मिलियारवर साडेचार टक्केसुद्धा उरत नाहीत आणि एक-दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला तर अजून कमी. तुम्ही विकत घेतलात तर वर ५ टक्के बेपेहातेबे, म्हणजे आपली स्टँप ड्यूटीच, थोडी सूट वजा जाता. आणि जकार्तात फ्लॅटचा पुरवठा इतका झालाय की जुन्या टॉवरमधले भाव वर्षानुवर्षं जागच्या जागी आहेत, शेजारी नवा टॉवर उभा राहिला की भाडेकरू तिकडे पळतो. वाढते ती जमीन, आणि जमीन तर तुमची होणारच नाहीये.

अजून एक, हे जरा मनाला लागलेलं आहे म्हणून सांगतो. १९९७ च्या मध्यात डॉलर साधारण २४०० रुपियाला होता, जून १९९८ ला १६००० च्या वर गेला. माझी तीन वर्षांची बचत रुपियात होती. डॉलरच्या हिशोबात एका वर्षात ती सहाव्या हिश्श्याच्याही खाली आली आणि मे १९९८ च्या दंगलींत जकार्ता जळत होतं, आम्ही चौघं पुर्वाकार्ताला क्वार्टरमध्ये दार लावून बसलो होतो, शेजारच्या सुंदानीज बाईंनी आठवडाभर तांदूळ आणि अंडी आणून दिली. हा देश मला त्या बाईंमुळे आपला वाटतो आणि त्याच वर्षामुळे सगळी पुंजी एका चलनात ठेवायची नाही हेही कायमचं कळलं. आज परिस्थिती तेव्हासारखी नाही, बँका मजबूत आहेत, ठेवींना २ मिलियारपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. तरीपण.

सूरज_पवार_पुणे

काका, तुमचं सगळं मान्य पण माझा प्रश्न वेगळा आहे. केमायोरानच का? गुंतवणूक करायचीच तर केलापा गादिंग बघा ना, तिथे ३ मिलियारच्या वरचे फ्लॅट मिळतात म्हणजे स्वतःच्या नावावर घेता येईल, आणि एलआरटी म्हणजे छोटी मेट्रो पण आहे. मी दोन वर्षं होतो तिथे, मॉल, हॉस्पिटल, खाणं सगळं पायाशी. किंवा मग पेएमआ कंपनी काढून रुको घ्यायचा, खाली दुकान वर घर, भाडं चांगलं येतं.

कोल्हापूरची_माहेरवाशीण

सूरज, मी गादिंगमध्येच राहते, अकरा वर्षं, म्हणून लिहिते. नवरा इंडोनेशियन, सासर सुराबायाचं.

गादिंगवर माझं मनापासून प्रेम आहे. पण आधी पाण्याचं बोलू. हा सगळा दलदलीचा आणि भातखाचरांचा भाग होता, सुमारेकॉन या बिल्डरने १९७५ पासून भराव घालून वसवला. त्यामुळे पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. २००२ आणि २००७ ला इथे काय झालं होतं ते शेजारचे ओमा-ओपा म्हणजे आजी-आजोबा अजून सांगतात, होडीतून माणसं बाहेर काढली. २०२० ला १ जानेवारीच्या पहाटे तर जकार्तात एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हालीम विमानतळावर. त्याच महिन्यात केमायोरानचा अंडरपास तळ्यासारखा भरला होता, निफाडकरांच्या शेजाऱ्यांना आठवत असेल. भर म्हणजे उत्तर जकार्ता खचतंय, जमिनीखालचं पाणी उपसून उपसून. म्हणून घर बघायला जायचं ते भर पावसाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या वारुंगवालीला म्हणजे टपरीवालीला विचारायचं की पाणी कुठपर्यंत येतं. ती गुडघ्याला हात लावून दाखवते की कमरेला, त्यावर ठरवायचं. आमच्या गल्लीत एका घराचा उंबरा रस्त्यापासून चार पायऱ्या वर आहे आणि त्याच्या शेजारचं रस्त्याच्या पातळीला, दोन्हीच्या किमतीत केवढा फरक आहे बघा.

एलआरटी चांगली आहे, पेगांगसान दुआ ते वेलोड्रोम, सहा स्टेशनं, ५.८ किलोमीटर, तिकीट ५००० रुपिया. पण वेलोड्रोमच्या पुढे ऑफिसला जायला ट्रान्सजकार्ता बस धरावी लागते. मांगराईपर्यंत वाढवायचं काम काढलंय, मांगराई म्हणजे आपल्या दादरसारखं जंक्शन, तिथपर्यंत जोडली गेली की खरा फरक. निव्वळ आत्ताच्या एलआरटीसाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत.

आणि पेएमआ. अहो ती परदेशी गुंतवणुकीची कंपनी, गुंतवणुकीचा आराखडाच १० मिलियारच्या वरचा दाखवावा लागतो, दर तिमाहीला रिपोर्ट, अकाउंटंट, टॅक्स. खरा धंदा करायचा असेल त्याने काढावी. राहत्या घरासाठी नाही.

आता ज्या मुली इथे लग्न करून येतात त्यांच्यासाठी एक लिहिते, विषयाला थोडं सोडून आहे पण कुणी सांगत नाही. परदेशी जोडीदार असला आणि लग्नाचा संपत्तीचा करार केलेला नसला, तर नवरा इंडोनेशियन असूनही त्याला हाक मिलिक घेताना अडवतात, कारण घेतलेलं सगळं दोघांचं सामाईक, म्हणजे अर्धं परदेशी माणसाचं. आम्हाला लग्नाच्या वेळी हे माहीतच नव्हतं. नवऱ्याला स्वतःच्याच देशात घर घेता येईना, त्याचा चेहरा बघवत नव्हता. पूर्वी असा करार फक्त लग्नाआधी करता यायचा, २०१६ ला घटना न्यायालयाने लग्नानंतरही करता येईल असा निकाल दिला, एका इंडोनेशियन बाईनेच ती लढाई लढली, तिचा नवरा जपानी. त्यानंतर आम्ही नोतारिसकडे करार केला, नोंदवला, आणि मग हे घर घेतलं. घर नवऱ्याच्या नावावर आहे, माझं काही नाही, आणि हे डोळे उघडे ठेवून मान्य केलंय. प्रत्येकीने आधी स्वतःशी हे बोलून घ्यावं.

सूरज_पवार_पुणे

ताई धन्यवाद, पेएमआचं मी ऐकीव बोललो होतो. पावसाळ्यात घर बघायचं हे भारी.

कोथरूड_सीए

जकार्ताबद्दल मला ज्ञान नाही, भारताच्या बाजूचं सांगतो कारण ते बहुतेक जण विसरतात.

निफाडकर, तुम्ही तिथे नोकरीला आहात म्हणजे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी. तिथल्या पगारातून तिथे काही घेतलंत तर भारताची परवानगी नको, आणि परत आल्यावरही ते ठेवता येतं. पण वडिलांनी निफाडहून पैसे पाठवले तर ते एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि १० लाखाच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोपर्यंत अडकतो. द्राक्षाच्या बागेवरचं कर्ज काढून वडील पैसे पाठवताहेत आणि त्यातले लाखो रुपये अडकलेत अशी केस मी बघितलीये.

परत आल्यावर तुम्ही पूर्ण निवासी झालात की रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरावं लागतं, नाही भरलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखाचा दंड. आणि आता विचार करा, दुसऱ्याच्या नावावरचा फ्लॅट त्या शेड्यूलमध्ये काय म्हणून लिहिणार? लिहिलं तर तिथला बेकायदा व्यवहार इथे सहीनिशी कबूल, नाही लिहिलं तर इथे गुन्हा. मी माझ्या क्लायंटला या दोन्हीमध्ये उभं करणार नाही.

विणकर_काका

सीए साहेबांनी मोलाचं सांगितलं. त्याला जोडून, स्वतःच्या नावावर ३ मिलियारचा कायदेशीर घेतलात तरी हाक इंडोनेशियातल्या वास्तव्याला बांधलेला असतो. देश कायमचा सोडलात की वर्षाच्या आत तो पात्र माणसाला विकायचा किंवा सोडायचा. तुम्ही चार-पाच वर्षांत परत जाणार म्हणता. म्हणजे ज्या वर्षी मुलाचं अॅडमिशन, सामान, नवी नोकरी, त्याच वर्षी घाईने फ्लॅट विकायचा, आणि घाईतल्या माणसाला कुणी भाव देत नाही.

राजधानी नुसांताराला हलणार म्हणून जकार्ता रिकामं होईल असंही काही जण घाबरवतात. कायदा २०२२ ला झाला, पण बाजार, बंदर, बँका सगळं इथेच आहे. त्या भीतीने घर सोडू नका आणि त्या आशेने जमीन पण घेऊ नका.

निफाडकर_जकार्तात

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला. वेलची ताईंची पोस्ट ऐकून ती गप्पच झाली. सहकाऱ्याशी आज जेवणाच्या सुट्टीत बोललो की नको, तुझ्या नावावर नाही घेत. तर म्हणाला, खरं सांगू का, माझी बायको चार दिवस रडतेय, तिला भीती वाटत होती पण तुला नाही म्हणवत नव्हतं. मला इतकी लाज वाटली. मी माझ्याच झोपेचा विचार करत होतो, त्याच्या घरातलं मला दिसलंच नाही.

आता प्रश्न भाड्याचा. मालकाने दुसऱ्याला विकलं तर आम्हाला बाहेर काढतील का? मुलांची शाळा इथेच आहे, हा टॉवर सोडायचा नाहीये. आणि मालकाचा एजंट म्हणतो पुढचा करार डॉलरमध्ये करू.

कोल्हापूरची_माहेरवाशीण

डॉलरला नाही म्हणा, देशातले व्यवहार रुपियातच करायचे असा नियम आहे, २०१५ पासून कडक. इथल्या दिवाणी कायद्यात विक्रीमुळे आधीचा भाडेकरार मोडत नाही, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून तुमचा करार काढून तेवढं वाक्य वाचा. नवा करार दोन वर्षांचा करा, नोतारिसकडे, त्यात स्पष्ट लिहून घ्या की फ्लॅट विकला तरी मुदत संपेपर्यंत भाडेकरू राहील, आणि मधेच काढलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट परत. आगाऊ पैसे सहा-सहा महिन्यांचे द्यायचा आग्रह धरा. विकायची घाई असलेला मालक भाडेकरूसकट विकत घेणारं गिऱ्हाईक शोधतो, त्याला पण तुमच्यासारखं नीट घर ठेवणारं कुटुंब हवंच असतं.

शनिवारी मी पासार बारूला येणार आहे, गणपतीच्या मखराला कापड घ्यायचंय. करार इंडोनेशियनमध्ये असेल ना, घेऊन या वहिनींबरोबर, गुरुद्वाराच्या गल्लीत बसू कुठेतरी आणि ओळ न ओळ वाचून सांगते. दोन्ही मुलांना पण आणा.